सोमवारची साक्ष: ख्रिस्ती विश्वासात नवीन असाल तर सुरुवात कुठून करायची

रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहून हात मिळवतात आणि म्हणतात, "आठवडाभर प्रभूचे साक्षीदार व्हा बरं का." आपण मान डोलावतो, चपला शोधतो, घरी जातो. सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलं की मग डोक्यात येतं, अरे पण म्हणजे नेमकं करायचं काय? बसमध्ये उभं राहून भाषण ठोकायचं? पत्रिका वाटायच्या? का गप बसून नुसतं चांगलं वागायचं आणि कोणी ओळखेल म्हणून वाट बघायची?

मी नगरचा, म्हणजे आताचं अहिल्यानगर. भोसरीत एका कारखान्यात परचेसला लागलो त्याला आता वीसेक वर्षं झाली. बायबल कॉलेजात वगैरे गेलेलो नाही, खाली जे लिहितोय ते चुकत चुकत शिकलेलं आहे आणि त्यातलं अर्धं तरी इतरांनी माझी चूक दाखवून दिल्यामुळे शिकलोय. ज्यांचा नुकताच बाप्तिस्मा झालाय, किंवा लहानपणी झालेला पण विश्वास मनापासून आत्ता कुठे धरलाय, किंवा कन्फर्मेशन (मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी) होऊन पहिली नोकरी लागलीय, त्यांच्यासाठी हे. कॅथलिक असा नाहीतर प्रोटेस्टंट, रोजच्या जगण्यात फार फरक पडत नाही, जिथे पडतो तिथे सांगेन.

पहिली पायरी: नुसतं लपवणं बंद करा

लोक सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात. पहिल्याच आठवड्यात कोणाला तरी 'सांगायला' जातात, तोंडावर पडतात आणि मग दहा वर्षं गप्प. त्यापेक्षा सोपं काम करा. सोमवारी कोणीतरी विचारतंच, "काय मग, काय केलं रविवारी?" आणि आपण सवयीने म्हणतो, "काही नाही, घरीच." हे थांबवा. "सकाळी चर्चला गेलो, मग येताना मटण आणलं, दुपारी झोप." बस. चर्च आणि मटण दोन्ही एकाच आवाजात. चर्च म्हणताना आवाज खाली नको आणि वर पण नको.

वसईकडच्या लोकांना ही अडचण कमी, आडनाव डाबरे नाहीतर लोपीस असलं की समोरचा आपोआप समजतो. आमच्या नगरकडे साळवे, गायकवाड, शिंदे हीच आडनावं आमचीही, त्यामुळे कोणाला पत्ताच लागत नाही आणि कळलं की ठरलेलं वाक्य येतं, "तुम्ही ख्रिश्चन? वाटत नाही हो!" त्यानंतर "मूळचे गोव्याचे का?" आणि "घरी इंग्लिश बोलता का?" चिडू नका, इथूनच गप्पा चालू होतात. मी सांगतो की फादर स्टीफन्स नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूने गोव्यात बसून मराठीत ओव्या रचून ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली छापलं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. लोक एकदम "काय सांगता!" म्हणतात. तेवढ्यावर थांबायचं. पहिल्याच दिवशी इतिहासाचा तास घ्यायचा नाही.

दुसरी: डबा

जेवणाआधी प्रार्थना करायची का सगळ्यांसमोर? बायबलात मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, आणि पुढच्याच अध्यायात म्हणतो प्रार्थना करताना खोलीत जा, दार लावून घ्या. मग? माझ्या डोक्याने मी असं जमवलंय की घरी जे करतो तेच कँटीनमध्ये करायचं, जास्त नाही नि कमी नाही. घरी प्रार्थना न करता जेवत असाल तर कँटीनमध्ये डोळे मिटणं हे नाटक झालं. घरी करत असाल तर कँटीनमध्ये न करणं हे पण नाटकच आहे, उलट्या बाजूचं.

दहा सेकंद पुरतात. मान खाली, डोळे बंद, ओठ हलवायची गरज नाही. मी पहिल्यांदा केली तेव्हा अकाउंट्सच्या एक मॅडम घाबरून म्हणाल्या, "डोकं दुखतंय का, गोळी देऊ?" मी म्हटलं नाही हो, जेवणाआधी आभार मानतो. "अच्छा," म्हणाल्या आणि मेथीची भाजी पुढे सरकवली. एवढंच झालं. पण एक लक्षात ठेवा, टेबलावरची माणसं काही दिवसांनी तुमच्यासाठी थांबायला लागतात, तेव्हा त्यांच्या चपात्या गार करत लांबलचक प्रार्थना करू नका.

तिसरी: स्वतःची गोष्ट दोन मिनिटांत सांगता आली पाहिजे

आणि ती मंडळीच्या, म्हणजे चर्चमधल्या आपल्या लोकांच्या, भाषेत नाही. आपल्याकडे बोलायची एक पद्धत पडलीय, "मला ओझं दिलं", "वचनाद्वारे स्पर्श झाला", "मी तारणात आलो". आपल्यात ठीक आहे, पण ऑफिसमधल्या माणसाला ओझं म्हणजे पोतं वाटतं. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. केडगावला मुक्ती मिशनचा, निराधार बायकामुलींच्या आश्रमाचा, एवढा पसारा सांभाळत त्यांनी ग्रीक आणि हिब्रू शिकून पूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली बाहेर आलं, आणि त्यांचा हट्ट काय होता तर साध्या, फार न शिकलेल्या बाईला वाचून कळलं पाहिजे. संस्कृत कोळून प्यालेली बाई होती ती, जड शब्द वापरणं तिला काय अवघड होतं? मग आपण कशाला 'पापविमोचन' वगैरे फेकायचं.

एक कागद घ्या, गोष्ट लिहून काढा, मग त्यातला मंडळीतला प्रत्येक शब्द खोडून घरचा शब्द टाका. माझी अशी झाली: "वडील गेले तेव्हा मी एकवीसचा होतो, रात्र रात्र झोप यायची नाही, देवावर राग होता. आमच्या पाळकसाहेबांनी काही उपदेश केला नाही, महिनाभर रोज रात्री नऊला येऊन माझ्याबरोबर नुसते बसायचे. त्या दिवसांत मी बायबलातलं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, पहिल्यांदा नीट वाचलं आणि मित्राच्या मरणावर रडणारा येशू दिसला. त्या दिवसापासून त्याच्यावर भरवसा आहे. सगळे प्रश्न सुटले असं नाही, पण झोप येते." संपलं.

वाढवून सांगू नका. चर्चमध्ये उभं राहून आपली गोष्ट सांगतात त्या साक्षीच्या वेळी काही लोकांच्या दारूच्या बाटल्या दरवर्षी वाढत जातात, मी स्वतः ऐकलंय, पहिल्या वर्षी क्वार्टर होती ती पाचव्या वर्षी खंबा झाली. योहानाच्या नवव्या अध्यायातला तो जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघा, शास्त्री-परुशी, म्हणजे त्या काळचे धर्माचे पुढारी, त्याला घोळात घेतात, येशू पापी आहे म्हणून कबूल करायला लावतात, आणि तो म्हणतो ते मला माहीत नाही, मला एकच माहीत आहे, मला दिसत नव्हतं, आता दिसतं. ज्याचं उत्तर येत नाही त्याला "माहीत नाही" म्हणायची लाज वाटून घेऊ नका.

चौथी: पैसा

यावर फार लिहीत नाही कारण सगळ्यांना कळतं, फक्त वळत नाही. मी परचेसला, म्हणजे दिवाळीला टेबलाखाली डबे जमतात. माझा नियम असा की मिठाई आली तर तिथल्या तिथे उघडून सगळ्या डिपार्टमेंटला, आणि चांदीचं नाणं किंवा पाकीट आलं तर त्याच माणसाबरोबर परत. परत देताना प्रवचन द्यायचं नाही, "आमच्या धर्मात चालत नाही" असं तर मुळीच नाही, कारण लाच कुठल्या धर्मात चालते सांगा? "नको साहेब, रेट चांगला द्या, तीच दिवाळी." दोस्ताचं कार्ड पंच करणं, न केलेल्या रिक्षाचं बिल लावणं, हे पण यातच धरा.

पाचवी: माफी मागा (ही खरी पायरी, बाकीच्या सोडल्या तरी चालतील)

माझ्याच बाबतीत काय झालं ते सांगतो. नोकरीचं चौथं-पाचवं वर्ष, सगळ्यांना माहीत झालेलं की हा डब्यावर प्रार्थना करतो, पैसे खात नाही, आणि मला पण त्याची थोडी हवा चढलेली. मार्चएंड चालू होता. एका मालाचं डिलिव्हरी चलन सापडेना, व्हेंडर पेमेंटसाठी डोक्यावर बसलेला, ऑडिटवाले दुसऱ्या टेबलावर. स्टोअरला एक हेल्पर होता, एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं. मी स्टोअरच्या दारात, सहा-सात जणांसमोर त्याला नको नको ते बोललो. निष्काळजी म्हटलं, घरी बसवीन म्हटलं, त्याच्या शिक्षणावर पण गेलो. तो काही बोलला नाही, लाल झाला नुसता. मी वळलो तेव्हा मागून हळूच म्हणाला, "साहेब, तुमच्या देवालाच विचारा ना चलन कुठंय ते."

सगळे हसले. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

चलन सापडलं दुसऱ्या दिवशी. माझ्याच ड्रॉवरमध्ये, एका कॅटलॉगला चिकटून बसलेलं, वर चहाचा गोल डाग. आता खरी गंमत पुढे आहे, मी ते गुपचूप फाइलला लावलं आणि दोन दिवस कोणाला काहीच बोललो नाही. दोन्ही दिवस डब्यावर प्रार्थना मात्र चालू! तिसऱ्या दिवशी घास घशाखाली उतरेना. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय डोक्यात फिरत होता, तो जकातदार, येशू घरी आल्यावर तो भजन म्हणत नाही, उभा राहून हिशोब सांगतो, ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत देतो म्हणून. मी सहा जणांसमोर घेतलं होतं तर केबिनमध्ये बोलावून "सॉरी रे" म्हणणं म्हणजे एकपट पण नव्हतं.

मग चारच्या चहाला स्टोअरच्या त्याच दारात गेलो. माणसं पण साधारण तीच होती. म्हटलं, चलन माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, परवाच सापडलं, मी दोन दिवस लपवलं, आणि याला मी जे बोललो ते चुकीचं होतं, मला माफ कर. पोरगं एवढं गोंधळलं की कप तसाच धरून उभं राहिलं. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सुपरवायझरने "चला कामाला" म्हटलं, संपलं.

पण चार-पाच वर्षांत, लक्षात घ्या, चार-पाच वर्षांत त्या गोळीवाल्या मॅडम सोडल्या तर माझ्या डब्यावरच्या प्रार्थनेबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं, आणि माफीनंतर आठवड्याभरात त्या पोराने विचारलं, "साहेब, हे असं सगळ्यांसमोर बोलायचं तुमच्यात शिकवतात का?" मी खरं सांगितलं की शिकवतात, पण करत कोणी नाही, मीसुद्धा पहिल्यांदाच केलं.

म्हणून नवीन लोकांना मी सांगतो, चांगलं वागून दाखवण्याच्या मागे लागू नका, ते फार दिवस टिकत नाही आणि जे टिकतं त्याचा माज येतो. चुकाल तर नक्कीच. चुकल्यावर काय करता ते लोक बघतात. माफी जिथे चूक केली तिथेच मागायची, जेवढ्या माणसांसमोर केली तेवढ्यांसमोर, "पण तू सुद्धा" हे शब्द न वापरता, आणि शेवटी बायबलचं वचन न चिकटवता. वचन चिकटवलं की माफीची जाहिरात होते.

सहावी: सण, प्रसाद आणि खंडेनवमी

नवीन विश्वासी इथेच जास्त घाबरतो आणि घाबरून उद्धट वागतो. प्रसादाबद्दल मंडळ्यामंडळ्यांत एकमत नाही, कॅथलिक लोक बऱ्याचदा मोकळे असतात, आमच्या प्रोटेस्टंटांतले बरेच घेत नाहीत. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचे, स्वतः वाचा, पाळकांशी बोला आणि एकदा काय ते ठरवा. मी घेत नाही. पण हात जोडून, हसून, "मी घेत नाही हो, पण बसतो तुमच्याबरोबर" म्हणतो आणि खरंच बसतो. सगळ्यात वाईट काय माहितीय? समोर घ्यायचा आणि जिन्यात जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. एकदा एकाला असं करताना हाऊसकीपिंगच्या मावशींनी बघितलं आणि त्यानंतर त्या माणसाने कँटीनमध्ये काहीही सांगितलं तरी ऐकणार कोण?

आमच्याकडे खंडेनवमीला मशिनरीची पूजा होते आणि झेंडू, पेढे, नारळ आणायचं काम कोणाकडे? परचेसकडे. म्हणजे माझ्याकडे. पहिल्या वर्षी मी आजारी पडायचा विचार करत होतो. मग वाटलं की हे माझ्या नोकरीचं काम आहे, ते इतर खरेदीएवढंच नीट झालं पाहिजे. आता पहाटे मार्केट यार्डला जाऊन ताजा झेंडू चांगल्या रेटला आणतो, पूजेच्या वेळी मागे शांत उभा राहतो, आरती करत नाही, आणि आता तर पूजेचं ताट माझ्यापर्यंत आलं की सुपरवायझर स्वतःच पुढच्याकडे सरकवतात. वीस वर्षांत यावरून भांडण झालेलं नाही. तुमच्या मंडळीला हे जास्त वाटेल कदाचित, माझ्या सासऱ्यांना वाटतंच.

अवघड प्रश्न आले तर

"ख्रिश्चन व्हायचे किती पैसे मिळाले?" हा येणारच. राग येतो, मान्य, पण हसून "मिळाले असते तर बसने आलो असतो का?" म्हणायचं आणि मग खरी दोन मिनिटांची गोष्ट. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) उत्तर द्यायला तयार राहा असं आहे, ते सगळ्यांना पाठ असतं, पण त्याला लागूनच सौम्यतेने आणि आदराने द्या असंही आहे, ते कोणी म्हणत नाही. दुसऱ्याच्या देवाबद्दल एक शब्दही वाईट बोलायचा नाही. व्हॉट्सअॅपच्या ऑफिस ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकणारे, तुम्हाला पण सांगतोय, थांबा. तो ग्रुप डिस्पॅचचा आहे.

कायद्याचं पण माहीत असू द्या. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म उघडपणे मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क प्रत्येकाला दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य सांभाळून. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपली मतं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. राज्याराज्यांचे वेगळे कायदे आहेत ते वकिलाकडून समजून घ्या. माझे स्वतःचे नियम कायद्यापेक्षा कडक आहेत: हाताखालच्या माणसाशी विश्वासाचा विषय आपणहून काढायचा नाही, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. त्या हेल्परशी पण मी त्याने विचारल्यावरच बोललो. लहान मुलांशी आईबापाच्या मागे नाही. आणि मदत करायची तर तिला धर्माची शेपटी लावायची नाही, फी भरली तर भरली, विषय संपला.

कोणी आजारी असेल तर आधी डबा पोचवा, रात्री दवाखान्यात थांबायला माणूस लागतो का विचारा. प्रार्थना करू का, हे विचारून करा, "नको" आलं तर वाईट वाटून घेऊ नका. बरं होण्याची गॅरंटी कधीही देऊ नका. आणि जो कोणी म्हणेल की विश्वास असेल तर इन्शुलिन बंद करा, त्या माणसापासून पेशंटलाही दूर ठेवा आणि स्वतःही दूर राहा.

घर, आणि कागद

सगळ्यात कठीण घर. विशेषतः घरात तुम्ही एकटेच विश्वासात आला असाल तर. मार्कच्या पाचव्या अध्यायात येशूने बरा केलेला माणूस त्याच्याबरोबर नावेत यायला बघतो तर येशू त्याला नेत नाही, घरी आपल्या माणसांकडे जा म्हणतो. मला नेहमी वाटतं की नावेत जाणं सोपं होतं.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, त्या वेगळ्या राहिल्या, पुढे एकत्र आल्या तरी सोवळंओवळं चालूच होतं, आणि त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षं त्यांच्या आत्मचरित्रात, स्मृतिचित्रेमध्ये, वाचा, त्या काही लपवत नाहीत, टिळकांचा तापट स्वभावसुद्धा नाही. एवढा मोठा भजनं रचणारा माणूस, पण घरात त्यालाही पाच वर्षं लागली, तुम्ही पाच महिन्यांत आईने देव्हारा काढावा म्हणून भांडताय! आईचा देव्हारा आईचा आहे. भांडी घासा, बापाची औषधं वेळेवर आणा, घरातल्या सणाला झाडलोट करा, तुमच्या प्रार्थनेची वेळ मात्र सोडू नका.

आणि कागदाचा, म्हणजे जातीच्या दाखल्याचा प्रश्न, ज्यावर मंडळीत कोणी बोलत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, पुढे १९५६ ला शिखांना आणि १९९० ला बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालं की तो जातो. त्यामुळे नगर-मराठवाड्यात कित्येक घरांत भिंतीवर येशू आणि दाखल्यावर दुसरंच. २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ख्रिस्ती विश्वास पाळणाऱ्या बाईचा असा दावा नाकारला. ज्याच्या पोराची अॅडमिशन अडलीय त्याला मी इथे बसून ढोंगी म्हणणार नाही, हा कायदाच मला अन्यायाचा वाटतो. पण नवीन असाल तर खोट्या प्रतिज्ञापत्रापासून सुरुवात करू नका, आधी वकील, मग पाळक, आणि घरात सगळ्यांना बसवून बोलणं, कारण त्याची किंमत तुम्ही एकटे नाही भरणार.

आणि कोणी विचारलंच नाही तर? बहुतेक नाहीच विचारणार. वीस वर्षांत माझ्यामुळे कोणी चर्चला आलं असं एकही नाव मला सांगता येणार नाही, आमच्या मंडळीच्या वार्षिक अहवालात माझा रकाना रिकामाच जाईल. ते स्टोअरचं पोरगं पुढे नोकरी सोडून गेलं, आता चाकणला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. चर्चच्या दारात कधी आलं नाही. पण नाताळला बायकापोरं घेऊन आमच्याकडे येतं, करंज्या खातं, आणि अजून दारातून आत येताना पहिलं वाक्य तेच, "साहेब, चलन सापडलं का?"